भिंतीला छिन्नी न लावता

कोल्हापुरात शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत किंवा महाद्वार रोडच्या मागच्या बोळांत जुनं घर असेल, तर त्याची भिंत दीड-दोन हात जाड असते. खाली काळा दगड, वर पांढरी माती, मधे लाकडाचा सांगाडा. एप्रिल-मे महिन्यात अशा घरासारखं सुख नाही. मात्र सोप्यातला टेलिफोन माडीवर न्यायचा म्हटला की हीच भिंत आडवी येते. छिन्नी लावली की माती भसाभसा गळते, भोक पाडायचं एक इंचाचं आणि पडतं वितभर. म्हणून या शहरातल्या घरांनी टेलिफोनच्या बाबतीत पहिल्यापासून एक धोरण ठेवलं : भिंतीला हात लावायचा नाही, असेल त्या तारेवरच भागवायचं.

आता हा विषय पुन्हा निघाला आहे तो फायबरमुळे. घरात फायबरचं कनेक्शन येतं, सोबत लँडलाइनचा नंबरही मिळतो, पण फोन लावायचा तर फायबरच्या डब्याशेजारीच. डबा सोप्यात आणि गुडघे दुखणारी आई माजघराच्या मागच्या खोलीत. मग इलेक्ट्रिशियन येतो, भिंतीकडे बघतो आणि ‘नवीन वायर टाकावी लागेल’ असं सांगून मोकळा होतो. बहुतेक घरांत तशी गरज नसते. लागणारी तार तीस-चाळीस वर्षांपूर्वीच घरात येऊन पडलेली आहे. तिचं दुसरं टोक कुठे जोडायचं, एवढाच प्रश्न आहे.

त्यासाठी आधी टेलिफोनची तार काय करते ते बघू. घरात येते ती तांब्याची एक जोडी. लाईनमन तिला ‘पेअर’ म्हणतात. फोन ठेवलेला असताना या जोडीवर एक्सचेंजकडून ४८ व्होल्टचा डीसी दाब असतो. रिसीव्हर उचलला की वर्तुळ पूर्ण होतं, थोडा प्रवाह वाहू लागतो आणि एक्सचेंजला कळतं की या घराला बोलायचं आहे. घंटा वाजवायची असते तेव्हा त्याच दोन तारांवरून ७५ व्होल्टच्या आसपासचा एसी येतो. बोलणं, घंटा, नंबर फिरवणं, सगळं त्या दोन तारांवर. वाहिनी वेगळी नाही, वीज वेगळी नाही. घरातली वीज गेली तरी जुना फोन चालायचा तो यामुळेच. त्याची बॅटरी एक्सचेंजमध्ये होती.

या जोडीवर आणखी एक फोन टाकायचा तर त्याला एक्सचेंजची परवानगी तांत्रिकदृष्ट्या लागतच नाही. भिंतीवरच्या जोडणीच्या डबीतल्या, म्हणजे रोझेटमधल्या, दोन स्क्रूंना आणखी दोन तारा बांधल्या की दुसरा फोन ‘पॅरलल’ झाला. कायदा मात्र वेगळं सांगत होता. १८८५च्या टेलिग्राफ कायद्याखाली टेलिफोनवर सरकारची मक्तेदारी, फोनचा डबासुद्धा टेलिफोन खात्याचा, आणि एक्स्टेंशनला वेगळं भाडं. बंगलोरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमधून आलेला तो काळा, वजनदार फोन घरात असला तरी घराचा नव्हता. खासगी कंपन्यांना फोनचे संच बनवायला परवानगी मिळाली १९८४मध्ये आणि मग बाजारात रंगीबेरंगी बटणांचे फोन आले. तिथून पुढे घराघरांत दुसरा, तिसरा फोन निघू लागला. खात्याला सगळं माहीत होतं. लाईनमनच कधीकधी लावून देत. त्यात लबाडी होती असं मला वाटत नाही. ज्या देशात १९९१ साली सगळे मिळून पन्नास लाखांच्या आसपास फोन होते, जिथे नवीन कनेक्शनसाठी वर्षानुवर्षं यादीत थांबावं लागे, जादा अनामत भरून ‘ओन युवर टेलिफोन’मध्ये नाव घालावं लागे आणि खासदाराच्या कोट्यातून फोन मिळाला तर घरात पेढे वाटले जात, तिथे आलेल्या एका जोडीवर दोन भावांची बिऱ्हाडं बोलली तर बिघडलं काय?

या पॅरलल फोनांनी कोल्हापुरातल्या एकत्र घरांना एक वेगळीच शिस्त लावली. चकतीचा फोन नंबर फिरवताना लाईन तोडत-जोडत जातो. पाच फिरवला की पाच वेळा, शून्य फिरवला की दहा वेळा. प्रत्येक तोडण्याला त्याच जोडीवरच्या दुसऱ्या फोनची घंटा हलकेच ‘टिंग’ करते. म्हणजे खाली कुणी नंबर फिरवायला लागलं की माडीवर कळायचं. बोलणं चालू असताना वर कुणी रिसीव्हर उचलला की आवाज एकदम खोल जायचा आणि खालचा माणूस ओरडायचा, ‘कोन उचललंय रं वर?’ लग्न ठरलेल्या मुलामुलींनी याचा किती त्रास सोसला असेल! चकतीला लावायचं ते छोटं पितळी कुलूपही याच काळातलं. त्यावरचा उपाय पोरांनी शोधलाच. रिसीव्हर ठेवायच्या बटणावर अंदाजाने टिचक्या मारल्या तरी लाईन तितक्याच वेळा तुटते आणि नंबर लागतो. चकती लाईन कशी तोडते हे ज्याला कळलं त्याला कुलूप अडवू शकत नव्हतं.

पॅरलल फोनची एक मर्यादा असते. घंटेला लागणारी वीज एकाच लाईनवरून सगळ्यांना वाटली जाते. जुन्या लोखंडी घंटेचे तीन-चार फोन एका जोडीवर टाकले की सगळ्यांचाच आवाज मरतो. तेव्हा शहाणी माणसं एकाच फोनची घंटा ठेवत आणि बाकीच्यांची आतून काढून टाकत. ही गोष्ट ध्यानात ठेवा, फायबरच्या डब्याला ती आजही लागू आहे.

दुसरा फोन वेगळा आणि दुसरी लाईन वेगळी. व्यापाऱ्याला दुसरी लाईन हवी असते. लक्ष्मीपुरीतला धान्याचा व्यापारी, शाहू मार्केट यार्डातला गुळाचा अडत्या, उद्यमनगरातला कारखानदार, यांना घरी एक आणि दुकानी एक फोन हवाच, पण घरीही दोन नंबर हवे असत, म्हणजे एकावर घरच्यांच्या गप्पा चालू असल्या तरी दुसऱ्यावर भाव कळेल. इथे बिल्डरांची एक जुनी सवय उपयोगी पडली. राजारामपुरीत, नागाळा पार्कात, ताराबाई पार्कात नव्वदच्या दशकात अपार्टमेंट उभी राहिली तेव्हा हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये ‘टेलिफोन पॉइंट’ देण्याची पद्धत पडली. पाईपमधून जी तार ओढली जाई ती पुष्कळदा चार तारांची, म्हणजे दोन जोड्यांची असे. वापरात एकच जोडी. दुसरी तशीच, दोन्ही टोकं गुंडाळून, भिंतीत झोपलेली. नवा नंबर आला की लाईनमन बाहेरच्या डीपीपासून, म्हणजे जोड्या वाटणाऱ्या पेटीपासून, घरापर्यंत दुसरी ड्रॉप वायर आणायचा आणि आतल्या रिकाम्या जोडीला बांधायचा. भिंत तशीच्या तशी. फोनच्या पिनेतही ही सोय आधीपासून आहे : मधल्या दोन पट्ट्या पहिल्या लाईनच्या, बाहेरच्या दोन दुसऱ्या लाईनच्या. फक्त तार पिळाची नसेल तर दोन लाईनींचा एकमेकींत आवाज शिरतो. गुळाचा भाव ऐकताना मधेच कुणाच्या तरी माहेरची खुशाली ऐकू यायची ती अशी.

बाहेरून दुसरी जोडीच शिल्लक नसेल तर? जमिनीखालच्या केबलमध्ये जोड्या मोजक्या असतात आणि पेठांत त्या लवकर संपत. त्यावर एकाच जोडीत दोन लाईनी बसवण्याच्या युक्त्या निघाल्या. सर्वात नीटनेटकी होती आयएसडीएन. एका जोडीवर ६४ किलोबिटच्या दोन वाटा आणि १६ किलोबिटची एक, मिळून १४४. एका वाटेवर बोला, दुसरीवर इंटरनेट चालवा किंवा दोन्हीवर बोला. भारतात ती खात्याने दिली, नंतर बीएसएनएलनेही, पण ती घरांत फारशी रुजली नाही. महाग होती आणि ती पोचेपर्यंत तिची वेळ निघून गेली. घरांत रुजलं ते ब्रॉडबँड. १४ जानेवारी २००५ रोजी बीएसएनएलने ‘डेटावन’ सुरू केलं तेव्हा जुन्याच तांब्यावर वेगळ्या कंप्रतेत इंटरनेट आलं. स्प्लिटर नावाची छोटी डबी आवाज एका बाजूला आणि डेटा दुसऱ्या बाजूला काढायची. भिंतीतल्या त्याच तारेने एकाच आयुष्यात टेलिफोन पाहिला आणि इंटरनेटही पाहिलं.

तारेशिवाय घरात फोन आणायची धडपड याच काळात जोरात होती आणि तिचा इतिहास आपल्या भागाशी जोडलेला आहे. टेलिकॉमच्या गोष्टीत दिल्ली-मुंबईची नावं येतात, पण सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने बनवलेलं १२८ लाईनींचं ग्रामीण एक्सचेंज पहिल्यांदा बसलं ते १९८६मध्ये कित्तूरला, बेळगावच्या पुढे, कोल्हापूरपासून काही तासांवर. सॅम पित्रोदांनी ज्या सी-डॉटचा पाया घातला तिचं हे यंत्र वातानुकूलनाशिवाय चालायचं. खेड्यात एक्सचेंज पोचलं, पण एक्सचेंजपासून घरापर्यंतची तार हाच सगळ्यात महाग तुकडा राहिला. आयआयटी मद्रासमध्ये अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात तोच तुकडा काढून टाकायचं ठरवलं. त्यांची ‘कॉरडेक्ट’ ही यंत्रणा मनोऱ्यापासून दहा किलोमीटरपर्यंतच्या घरात तारेशिवाय फोन द्यायची आणि बोलता बोलता ३५ किलोबिटने इंटरनेटही.

कोल्हापूर जिल्ह्याचं स्वतःचं उदाहरण वारणेचं. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा समूहाच्या परिसरात १९९८मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं, गावोगावी संगणकाची केंद्रं, शेतकऱ्याला उसाचं वजन, खताचा हिशेब, बिलाची माहिती गावातच. देशभरातून लोक बघायला येत. पुढे काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी तिथलं काम जवळून पाहिलं तेव्हा त्यांना दिसलं की केंद्रातले संगणक प्रत्यक्षात मुख्यतः साखर कारखान्याशी आकड्यांची देवाणघेवाण करण्यापुरते वापरले जातात, आणि ते काम साध्या मोबाईलवरच्या एसएमएसने होऊ शकतं. काही गावांत त्यांनी तसं करून दाखवलं आणि प्रयोगाला नाव दिलं ‘वारणा अनवायर्ड’. जगातल्या संशोधनपत्रांत वारणेचं नाव गेलं ते तार जोडल्याबद्दल आणि नंतर तार सोडल्याबद्दलही. सत्तर गावांत तार-संगणक नेण्यापेक्षा लोकांच्या खिशातलं यंत्र वापरणं स्वस्त, हा हिशेब उसाच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागला नाही.

शहरांत दुकानांच्या काचांवर तेव्हा ‘वॉकी’ आणि ‘अनलिमिटेड कॉर्डलेस’ ही नावं झळकत होती. टाटा इंडिकॉम आणि रिलायन्सचे सीडीएमए फोन. दिसायला लँडलाइन, मागे तार नाही, फक्त अँटेना. बीएसएनएलचाही डब्ल्यूएलएल, म्हणजे असाच बिनतारी फोन, होता. पेठेतल्या जाड भिंतीच्या घरांना हे वरदानच होतं : भोक नाही, लाईनमन नाही, दुकानातून आणला की तासाभरात घंटा वाजते. त्यावर एक मजेशीर वाद झाला. हा फोन घराबाहेर नेला तरी चालतो, मग त्याला घरचा म्हणायचं की मोबाईल? प्रश्न हसण्यासारखा वाटला तरी त्याच्यामागे मोठा पैसा होता. ग्रामीण सेवेपोटी बीएसएनएलला मिळणारं शुल्क यावर ठरत होतं आणि २००५मध्ये हा वाद ट्राय या नियामकापासून टीडीसॅट या न्यायाधिकरणापर्यंत गेला. निकाल काहीही लागला तरी ते फोन आता कुणाकडे चालत नाहीत. कंपन्यांनी सीडीएमए बंद केलं तेव्हा घराघरांतले ते संच एका दिवसात भंगार झाले. हवेतल्या सोयीला हा धोका कायम असतो. सोय ज्याच्या मनोऱ्यावर उभी आहे, तो मनोरा बंद झाला की सोय संपली. भिंतीतली तार मात्र कुणाच्या निर्णयाने बंद पडत नाही, ती कुजली तरच बंद पडते.

आणि हवेची आणखी एक अडचण कोल्हापूरकरांना सांगायला नको. दगडमातीच्या भिंती जशा छिन्नीला दाद देत नाहीत, तशा लहरींनाही देत नाहीत. चांगला कॉर्डलेस फोन उघड्यावर लांबपर्यंत चालतो, पण सोप्यातून परड्यापर्यंत मधे अशा तीन भिंती आल्या की खरखर सुरू होते. वाय-फायचंही तेच. म्हणजे ज्या घरात तार टाकणं कठीण, त्याच घरात बिनतारीही कठीण. विजेच्या प्लगमध्ये खोचायचे टेलिफोन जॅकही परदेशात निघाले होते, विजेच्या तारेवरूनच आवाज दुसऱ्या खोलीत नेणारे. आपल्याकडे ते चालवायचे तर दोन्ही सॉकेट एकाच फेजवर हवीत आणि तोपर्यंत भारनियमनाचे दिवस सुरू झालेले. लोडशेडिंगच्या काळात विजेवर चालणारा टेलिफोन कोण विकत घेणार?

मग तांबं मेलं कशाने? कुणी त्याला मारलं असं नाही. देशात तारेच्या फोनांची संख्या २००६च्या सुमारास पाच कोटींपर्यंत गेली आणि तिथून उतरणीला लागली. मोबाईल स्वस्त झाला. जमिनीखालच्या केबलचे जोड रस्ते खोदताना तुटले, पावसाळ्यात त्यांत पाणी शिरलं. जेली भरलेली केबल आली तरी जोड हा जोडच. पंचगंगेच्या काठच्या शहरात यावर जास्त काय सांगायचं? राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं आणि महामार्ग दिवसेंदिवस बंद राहिला. अशा पुरात तांबं कितीदा भिजायचं? त्यातच ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. त्यांत लाईनमन किती असतील! कुठली जोडी कुठल्या पिलरवरून येते हे ज्याच्या डोक्यात होतं तो माणूसच घरी गेला. त्यानंतर अनेकांनी डेड फोनची तक्रार करायचंही सोडून दिलं. फोन कोपऱ्यात राहिला, त्यावर क्रोशाचं झाकण राहिलं.

तारेचा फोन परत आला तो वेगळ्या दाराने. ऑगस्ट २०२२मध्ये ट्रायच्या आकड्यांत जिओने बीएसएनएलला मागे टाकलं : ७३ लाख ५२ हजार विरुद्ध ७१ लाख ३२ हजार. देशातली सर्वात मोठी लँडलाइन कंपनी आता अशी आहे की जिने घराघरांत तांबं कधी ओढलंच नाही. काचेची तार येते, डबा येतो आणि डब्याच्या पाठीमागे एक छोटं भोक असतं, टेलिफोनच्या पिनेचं. बीएसएनएलच्या फायबरच्या डब्यालाही ते असतं. पुष्कळ घरांत ते रिकामंच राहतं. ज्यांना नको त्यांनी खुशाल रिकामं ठेवावं, मोबाईलवर ॲप टाकून तोच नंबर वापरता येतो. पण घरात वृद्ध माणसं असतील, ज्यांना पडद्यावर सरकवून फोन घेता येत नाही, त्यांच्यासाठी ते भोक महत्त्वाचं आहे.

त्या भोकातून आपल्याला हवं तेच येतं जे पूर्वी एक्सचेंजकडून यायचं : डीसी दाब, घंटेची वीज आणि आवाज. डबा म्हणजे आता तुमच्या घरातलं छोटं एक्सचेंजच झालं. मग त्याला घरातल्या जुन्या तारेच्या कुठल्याही एका पॉइंटात जोडलं तर बाकीचे सगळे पॉइंट जिवंत होतात. हॉलचा, माडीचा, बेडरूमचा, सगळे. कारण तार घरभर फिरलेली आहेच आणि विजेला दिशेचं वावडं नाही.

पण आधी एक काम केलंच पाहिजे. बाहेरून जिथे जुनी ड्रॉप वायर घरात येते ती पहिली रोझेट उघडायची आणि बाहेरच्या दोन्ही तारा सोडून, वेगवेगळ्या टेपने गुंडाळून ठेवायच्या. बाहेरच्या तांब्यावर एक्सचेंजचा दाब अजून असू शकतो. एकाच जोडीवर दोन्ही टोकांनी दोन दाब आले की डबा जळू शकतो. शिवाय वळवाच्या पावसात वीज पडली तर ती त्याच तारेने थेट डब्यापर्यंत यायची. हे काम आळसाने टाळणाऱ्यांचेच डबे जळतात. दुसरं, वाटेत जुना एडीएसएल स्प्लिटर असेल तर काढून टाका. तिसरं, अपार्टमेंटच्या इंटरकॉमची तार आणि टेलिफोनची तार एकाच पेटीत असतात, त्यांची गल्लत करू नका. एवढं झालं की साधा बटणांचा फोन घेऊन प्रत्येक पॉइंटवर लावून बघा. एका पॉइंटपासून पुढचे सगळे मेलेले असतील, तर तार एकातून दुसऱ्यात अशी ओवलेली आहे आणि दोष त्या पॉइंटच्या स्क्रूत आहे. बहुतेक वेळा हिरवी पडलेली तार जराशी खरवडून पुन्हा आवळली की काम होतं. दहा रुपयांच्या सँडपेपरचं काम आहे, नव्या वायरिंगचं नाही.

डब्याची घंटेची ताकद जुन्या एक्सचेंजपेक्षा कमी असते. दोन-तीन इलेक्ट्रॉनिक फोन तो आरामात वाजवतो, पण आजोबांचा लोखंडी घंटेचा काळा फोन त्यात घातला तर बाकीचे गप्प होतील. त्या काळ्या फोनवर येणारा फोन घेता येतो, पण चकती फिरवून नंबर लागेलच असं नाही. पुष्कळ डबे चकतीचे ठोके ओळखत नाहीत. शोभेला ठेवायचा तर ठेवा. आणि १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाईलला लावताना आधी शून्य लावावा लागतो. घरच्या म्हाताऱ्या माणसांना हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवून द्या. ‘फोन लागत नाही’ ही तक्रार पुष्कळदा त्या एका शून्याची असते.

नंबराचं म्हणाल तर ०२३१ने सुरू होणारा जुना नंबर ज्यांना जिवापाड जपायचा आहे, त्यांनी तो बीएसएनएलच्याच फायबरवर आणता येईल का ते आधी विचारावं. मोबाईलसारखं एका कंपनीतून दुसरीत नंबर न्यायची सोय लँडलाइनला नाही. कंपनी बदलली की नंबर बदलला. काही दुकानांच्या पाट्यांवर आणि लेटरहेडवर तो नंबर तीन पिढ्या छापला गेला आहे. त्यांनी इंटरनेटचा वेग नंतर बघावा.

यात एक तोटा मात्र मान्य करायला हवा. जुना फोन वीज गेली तरी चालायचा, हा चालत नाही. पुराच्या दिवसांत महावितरण सुरक्षेसाठी वीज बंद ठेवते आणि नेमकी तेव्हाच फोनची गरज पडते. त्यामुळे फायबरच्या डब्याला छोटा मिनी यूपीएस लावा. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात, पण घेण्यापूर्वी ॲडॉप्टरवरचा आकडा वाचा. काही तासांचा आधार होतो. दोन-तीन दिवसांच्या पुराला तो पुरणार नाही, तिथे मोबाईलच हाताशी ठेवावा लागेल.

या दिवाळीच्या साफसफाईत रंगारी भिंतीवरची जुनी टेलिफोनची तार ओढून काढायला निघेल. त्याला थांबवा. पाठीमागची रोझेट उघडून तारा मोजा. चार निघाल्या तर घरात दोन लाईनींची सोय आहे.